चाकोरीची काठी

साहेब लोक चालले. बेळगावच्या कॅम्पात बंगल्याबंगल्यापुढं सध्या लिलाव मांडलेत. खुर्च्या, बशा, पियानो, एवढंच काय कुत्रीसुद्धा विकायला आहेत, आणि अर्थात मोटारी. ज्याच्या खिशात थोडा पैसा आहे तो प्रत्येक जण एकदा कॅम्पात चक्कर मारून येतो आणि मग माझ्या शेडमध्ये येऊन विचारतो, "मिस्त्री, कुठली घेऊ?" ते बघून या अंकाच्या संपादकांनी मला निरोप धाडला. रोजच्या वापराला परवडेल अशी जुनी मोटार कशी निवडावी ते लिहा, म्हणाले. सोपं लिहा, लोकांना उपयोग होईल.

हो म्हणून बसलो. पण पहिल्या ओळीलाच अडखळलो. हा विषय शिवाण्णाला वगळून लिहिता येत नाही, आणि शिवाण्णाला घेऊन लिहायचा म्हटला की माझं पोट दुखतं. तो जिवंत होता तेव्हाही दुखायचं. आता तो जाऊन वर्ष उलटलं तरी दुखायचं थांबलेलं नाही.

शिवाण्णाची शेड माझ्या शेडच्या बरोबर समोर. मधे फक्त रस्ता. आम्ही दोघं एकाच गुरूचे चेले. कॅम्पात पेद्रू मेस्त्री म्हणून एक गोवेकर होता, साहेबांच्या गाड्या दुरुस्त करायचा. त्याच्या हाताखाली आम्ही दोघांनी काळं तेल प्यायलं म्हटलं तरी चालेल. मी सांबऱ्याच्या शेतकऱ्याचा पोरगा, शिवाण्णा अनगोळचा. पेद्रू म्हातारा होऊन गोव्याला निघाला तेव्हा स्टँडवर आम्हा दोघांना जवळ घेऊन म्हणाला, "विठू, तुजे हात बरे. शिवाचें तोंड बरें. धंद्यांत तोंड चड चलता, बाबा."

धंद्यात हातापेक्षा तोंड जास्त चालतं म्हणे! मला तेव्हा हसू आलं होतं. पुढं आयुष्यभर त्या वाक्याची ठेच लागत राहिली.

आता आधी संपादकांचं काम करतो, नाहीतर मानधन द्यायचे नाहीत.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, तुम्ही यायच्या आधी मालकानं गाडी चालू करून ठेवली होती. गार इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं, ती कुरकुर त्याला तुमच्यापासून लपवायची असते. मग गाडी जिथं उभी होती तिथली जमीन बघा. तेलाचा डाग खोटं बोलत नाही. निळा धूर निघत असेल तर गाडी तेल जाळते आहे, मुकाट्यानं घरी या. कप्तानसाहेबाच्या गाडीची गादी स्वच्छ असते आणि क्लच जळलेला असतो. मॅडमच्या गाडीला चारी बाजूंनी पोचे असतात, पण इंजिन ठणठणीत. मला विचाराल तर पोचे आलेली घ्या. रंग काय, कुणीही मारून देईल.

आणि गाडी किती पिते, हे विचारायच्या आधी तुमचा रोजचा रस्ता कुठला ते स्वतःला विचारा. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, बैलाचे जाणकार होते. बाजारात बैल घेताना ते शिंगं नंतर बघायचे, आधी घेणाऱ्याला विचारायचे, "रान काळं हाय का तांबडं?" माणसाला राग यायचा, की मी बैल घ्यायला आलोय, रान विकायला नाही. पण अप्पांचं म्हणणं साधं होतं. कमी खाणारा बैल स्वस्त नसतो, रोज उठून कामाला लागतो तो स्वस्त. मोटारीचंही तेच आहे.

आमच्या वेळी साध्या माणसापुढं निवड दोनच गाड्यांत असायची. एक विलायती, छोटी. तिला सगळे 'बेबी' म्हणायचे. दुसरी अमेरिकन, उंच, ढोपरं वर करून बसल्यासारखी. कंपन्यांची नावं घेत नाही, त्यांची फुकट जाहिरात मी का करू? बेबी चिमणीएवढं पेट्रोल प्यायची, गल्लीबोळात वळायची, टायर स्वस्त. अमेरिकन म्हशीसारखी प्यायची, पण खड्ड्यात पडली तर आपली आपण बाहेर यायची. मी बेबीवाला. शिवाण्णा अमेरिकनवाला. असं काही ठरवून झालं नव्हतं. त्यानं उंच गाड्या घेतल्या म्हणून मी छोट्या घेतल्या, एवढंच खरं कारण.

बेबीनं मला यश दिलं नाही असं नाही. शहापूरचे एक साडीवाले अण्णा होते. ते गाडी बघायला आले ते साड्यांची गाठोडी आणि सासूबाई, दोन्ही घेऊन. आधी गाठोडी मागं रचली, मग सासूबाईंना बसवलं, मग स्वतः बसले आणि मला म्हणाले, "आता दार लागतंय का बघा." दार लागलं. त्यांनी तिथंच गाडी घेतली. शहापूर, वडगाव, बेळगाव, सगळा पक्का रस्ता, त्यांना दुसरं काय हवं होतं? पुढं एकदा सांगत होते, "मिस्त्री, गाडी एक नंबर. फकस्त सासूबाई उतरायला तयार होत न्हाईत."

पण मला हवी होती निपाणी. त्या काळात तंबाखूनं निपाणीत पैसा खेळत होता, आणि निपाणीच्या व्यापाऱ्यांचा स्वभाव असा, की एकानं छत्री घेतली तर दुसरा तशीच छत्री घेणार, फक्त दांडा जरा जाड. तिथं एक गाडी गेली की मागून रांग लागणार, हे मला आणि शिवाण्णाला दोघांनाही ठाऊक होतं.

आणि आणखी एक गोष्ट आहे, ती बाहेरच्यांना सांगायला हवी. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. मोटारी आल्या तशी तीत एक नवी रीत शिरली. ज्या मिस्त्रीनं गाडी निवडून दिली, त्याच्या दारात त्या दिवशी गाडी न्यायची. मिस्त्री गाडीला हळदकुंकू लावतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, पुढं नारळ फोडतो. मालक पेढे देतो आणि जातो. रीत चांगली आहे. पण दोन मिस्त्री समोरासमोर असले की तो वर्षाचा निकाल होतो. कुणाच्या दारात किती गाड्या, हे येणाजाणाऱ्याला, भाजीवालीला, शाळेच्या पोरांना, सगळ्यांना दिसतं. मी नारळ फोडायचो आणि डोळे समोर. माझा नारळ फुटला की शिवाण्णा पलीकडून ओरडायचा, "इठोबा, लई जळू नगंस रं! पेट्रोलजवळ हुबा हाईस!" सगळा रस्ता हसायचा. मीही दात काढायचो. आतून अंगाचा तिळपापड व्हायचा.

तर निपाणीच्या डॉक्टरीणबाई. लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. बाईंचा दवाखाना निपाणीत, पण त्यांचं खरं काम आजूबाजूच्या खेड्यांत. अकोळ, बेनाडी, कोडणी, तिकडं बाळंतीण अडली की बाईंना बोलावणं यायचं. छकड्यातून जायच्या. पोहोचेपर्यंत कधी उशीर झालेला असायचा. बाईंनी मला आणि शिवाण्णाला एकाच दिवशी बोलावलं. म्हणाल्या, "दोघं आपापली गाडी घेऊन या. दिसायला कशीही असली तरी चालेल. बाई अडली असेल तेव्हा गाडी अडता कामा नये, आणि पेट्रोल मला झेपलं पाहिजे."

आम्ही दोघं बेळगावहून निघालो. तवंदीच्या घाटात शिवाण्णाची अमेरिकन माझ्या बेबीला मागं टाकून गेली. जाताना त्यानं भोंगा वाजवला आणि हात केला. मी हात केला नाही.

निपाणीत मात्र माझी सरशी झाली. बाजारपेठेतून बेबी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. दवाखान्याच्या बोळात शिवाण्णाला गाडी वळवता येईना. लोक जमले, हसले. बाईंनी दोन्ही गाड्यांचं पेट्रोल विचारलं, मी आकडा सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. शिवाण्णा पान चघळत उभा होता. मला वाटलं, झालं काम. निपाणी आपली.

मग बाई म्हणाल्या, "आता अकोळला जाऊन येऊ."

पाऊस थांबून थोडे दिवस झाले होते. काळ्या रानातली वाट. पावसात बैलगाड्या गेल्या होत्या आणि नंतर उन्हानं तो चिखल विटेसारखा भाजून काढला होता. दोन खोल चाकोऱ्या आणि मधे उंच वरंबा. मी बाईंना शेजारी बसवून बेबी आत घातली. डावं चाक चाकोरीत उतरलं. उजवं उतरेना. ते मधल्या वरंब्यावर चढून बसलं. गाडी एका अंगावर कलली, बाईंची औषधांची पेटी घरंगळत माझ्या पायाशी आली आणि गाडीचं पोट खरवडायला लागलं. बाईंनी दाराची कड घट्ट धरली होती.

मी गाडी थांबवली आणि उतरलो. बैलगाडी हाकणाऱ्याचा पोरगा मी. लहानपणापासून चाकोरीतून चालत शाळेला गेलेलो. बघितल्याबरोबर कळलं. तरी खात्री करायला बांधावरच्या निर्गुडीची एक सरळ काठी तोडली, ह्या चाकोरीपासून त्या चाकोरीपर्यंत आडवी धरली आणि बरोबर तेवढी कापली. मग बेबीच्या दोन चाकांपुढं ती आडवी धरून बघितली. काठी दोन्हीकडून बाहेर आली. मागं शिवाण्णाची अमेरिकन उभी होती. तिच्या चाकांना लावली. ह्या चाकापासून त्या चाकापर्यंत, जणू सुताराकडून मापानं करून आणली होती.

अमेरिकन गाडीची दोन चाकं आणि आमच्या बैलगाडीची दोन चाकं यांच्यातलं अंतर सारखंच. ती चाकोरीत बसणार आणि रुळावरून जावी तशी जाणार. बाईंचा रोजचा रस्ता हाच होता. पक्क्या सडकेवर बेबी राणी होती, पण बाळंतिणी सडकेवर अडत नाहीत.

शिवाण्णा गाडीला टेकून माझ्याकडं बघत होता. त्याला हे ठाऊक नव्हतं, हे त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं. पेद्रूनं हे शिकवलं नव्हतं, मला ते अप्पांच्या गाडीनं शिकवलं होतं.

बाईंनी विचारलं, "विठोबा मिस्त्री, काय म्हणता? कुठली घेऊ?"

माझ्या मनात काय काय आलं ते सांगतो. दुसऱ्या वाटेनं परत नेलं असतं तर चाललं असतं. चाकोरी आठ-पंधरा दिवसांत मोडते, असंही म्हणता आलं असतं, थोडं खरंही होतं. सगळी निपाणी माझ्या डोळ्यांपुढून जात होती, भोंगे वाजवत. पण गाडीत ती पेटी पडलेली होती आणि हातात काठी होती.

"बाई, अमेरिकन घ्या," मी म्हणालो. "पेट्रोल जास्त पिईल. पण पोहोचवील."

शिवाण्णानं पान थुंकलं. जवळ आला, माझ्या हातातली काठी घेतली, आपल्या चाकांना एकदा लावून बघितली आणि म्हणाला, "हौद, व्हय की रं! बरोबर बसतीय!" मग ती काठी आपल्या गाडीत मागच्या सीटवर टाकली. मला वाटलं, सहज टाकली.

बाईंनी अमेरिकन घेतली. मी रिकामी बेबी घेऊन बेळगावला परत आलो.

पुढं जे झालं ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. त्या गाडीतून बाई वेळेवर पोहोचायला लागल्या. खेड्याखेड्यांत बोलबाला झाला. निपाणीचे तंबाखूवाले बेळगावला आले, ते सरळ शिवाण्णाच्या शेडमध्ये. तो काठी काढून दाखवायचा आणि सांगायचा, "अकोळच्या वाटंला काठी लावून बघितली. आपल्या बैलगाडीच्या चाकोरीत ही बसती, ती बसत न्हाय." खोटं बोलत नव्हता हो. कुणी लावली, तेवढंच सांगायचं राहायचं. हळूहळू लोक म्हणायला लागले, शिवाण्णाची काठी. तंबाखूवाले तिला हात लावून बघायचे, देवाची पालखी असल्यासारखं.

पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला त्यानं ती काठी पाने-हातोड्यांच्या शेजारी मांडली. हळदकुंकू, झेंडूचं फूल. रस्त्यापलीकडून मला स्पष्ट दिसत होती. बाईंची अमेरिकन निपाणीहून सजून आली आणि त्याच्या दारात उभी राहिली. रीतच तशी होती, गाडी त्यानं दिली होती. मी शहापूरच्या अण्णांच्या बेबीपुढं नारळ फोडला आणि पलीकडून आवाज आला, "इठोबा, लई जळू नगंस रं!"

घरी बायको म्हणाली, "अवो, मग सांगा की लोकास्नी, काठी माजी हाय म्हनून."

"मी काय दवंडी पिटू?"

"न्हाय न्हाय, पिटू नगासा. बसा जळत." आणि तिनं ताट पुढं सरकवलं.

वाटलं, सत्य कधीतरी आपण होऊन बाहेर येईल. आलं नाही. लढाई आली, पेट्रोल कूपनावर गेलं. आता म्हशीसारखं पिणारीला कोण पोसणार, आता तरी सगळे म्हणतील विठोबाची बेबी बरी, असं मनात धरून बसलो. माझ्याकडं गिऱ्हाईक वाढलंही. पण बाई पडल्या डॉक्टर, त्यांना कूपनं जास्त मिळायची. त्यातून वाचवून वाचवून खंडेनवमीला निपाणीहून यायच्या आणि त्या समोरच्या दारात उतरायच्या. मला लांबून नमस्कार करायच्या. मी नमस्कार करायचो. दरवर्षी मनातल्या मनात मी एक देखावा उभा करायचो, की भर रस्त्यात, शिवाण्णाच्या तोंडावर, चारचौघांत कुणीतरी म्हणतंय: ती काठी विठोबाची. आणि शिवाण्णाचं तोंड कसं होतंय ते मी बघतोय. हा देखावा मी इतक्या वेळा रंगवला, की शिवाण्णानं त्या वेळी कुठला सदरा घातला असेल तेही ठरवून ठेवलं होतं.

मत्सर फार चिवट असतो. लोकांना वाटतं, मत्सर म्हणजे दुसऱ्याचं वाईट व्हावं असं वाटणं. मला शिवाण्णाचं वाईट व्हावं असं कधी वाटलं नाही. त्याचं भलं माझ्या नावावर व्हावं, एवढंच वाटायचं.

गेल्या वर्षी श्रावणात शिवाण्णा तापानं गेला. मी खांदा दिला. पोरं नव्हती त्याला. घरच्यांनी शेडला कुलूप लावलं. माझ्या मनात लगेच आलं, अगदी स्मशानातून परत येताना आलं, की आता खंडेनवमीला बाईंची गाडी कुणाच्या दारात? बाजारात काचेच्या दाराचं एक नवं मोटारीचं दुकान झालं होतं. तिथंही जातील. की माझ्याकडं येतील? झोप नीट लागेना. बायको म्हणाली, "आता त्यो न्हाय की. आता कशाला तळमळताय?"

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी सांबऱ्याला गेलो. अप्पांच्या जुन्या गाडीचं एक चाक मोडलेलं, पण दोन चाकांमधला कणा शाबूत होता. त्यावर माप घेऊन निर्गुडीची एक काठी तोडून आणली. सकाळी शेड धुतली, हत्यारं मांडली आणि मधोमध काठी ठेवली. हळदकुंकू, झेंडूचं फूल. आता अडवणारं कोण होतं?

गाड्या यायला लागल्या. माझ्या तर आल्याच, शिवाण्णाच्याही आल्या. निपाणीचे तंबाखूवाले एकामागून एक. रांग कोपऱ्यापर्यंत गेली. एवढ्या गाड्या त्या रस्त्यावर कुणाच्याच दारात कधी लागल्या नव्हत्या, शिवाण्णाच्याही नाही. भाजीवाली टोपली उतरवून बघत उभी राहिली. आणि कोपऱ्यावरून ती ढोपरं वर करून बसलेली अमेरिकन वळली. टपाला ठिगळं, पुढं झेंडूचा हार. ती रांगेच्या कडेनं आली आणि माझ्या दारात थांबली. लोकांनी बाईंसाठी वाट दिली होती.

बाई उतरल्या. केस पांढरे झाले होते. मी पुढं झालो. तेवढ्यात एक तंबाखूवाले शेठ पूजेकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "मिस्त्री, ही शिवाण्णाची काठी तुमच्याकडं कशी आली?"

सगळे बघायला लागले. इतकी वर्षं घासून तयार ठेवलेलं उत्तर माझ्या तोंडात होतं, पण मी वाकून काठीवरचं झेंडूचं फूल नीट करत बसलो.

बाईच बोलल्या. "शिवाण्णाची कुठली? काठी यांची. अकोळच्या वाटेवर माझ्यासमोर तोडली यांनी. स्वतःची गाडी विकायला आले होते, आणि काठी लावून बघितल्यावर मला म्हणाले, त्याची घ्या."

"काय सांगता!" शेठ म्हणाले. मागं कुजबुज झाली. कुणीतरी "व्हय?" म्हणालं. भाजीवालीनंसुद्धा ऐकलं.

अगदी मी रंगवलं होतं तसंच. भर रस्ता, चारचौघं, आणि वाक्य शब्दाला शब्द. मी मान वर केली आणि समोर बघितलं.

शेडला कुलूप होतं. कुलपाला त्याच्या घरच्यांनी हळदकुंकू लावलं होतं.

"मिस्त्री, नारळ फोडा, मागं खोळंबा झालाय," कुणीतरी म्हणालं. मी अमेरिकनच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ उचलला आणि आपटला. एका दणक्यात दोन शकलं झाली. मग मी तसाच वाकून थोडा वेळ थांबलो. पलीकडून आवाज यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा.